पुजलेला लॅपटॉप

जीप अंगणात शिरली तेव्हा अनसूयाला आधी आवाज ऐकू आला. ओलं गोणपाट दगडावर आपटावं तसा. मग दिसलं, ते गोणपाट नव्हतं, तिचा धाकटा भाऊ सुमंत होता. उसाच्या ट्रॉलीच्या चाकाला त्याला दोरानं आवळलं होतं, आणि दादासो नावाचा एक दांडगा गडी त्याच्या पोटऱ्यांवर पंपाचा जुना पट्टा ओढत होता. फार रागानं नव्हे. रोजगारावरचा माणूस शेतात भांगलण करतो तसा, अंग राखून.

"ताई," सुमंत म्हणाला. ओठ एवढे सुजले होते की शब्द अर्धाच बाहेर आला.

तिनं जीपमधून उडी मारली, तर पायरीवरून मालकाचा, जयराजचा आवाज आला, "आलात म्याडम? या, आत या. च्या टाकलाय."

भावाला मारायचं आणि बहिणीला चहा द्यायचा. पाहुणचारावर कुणी बोट ठेवू नये असं घर होतं ते.

अनसूयाचा सांगलीला टायपिंगचा क्लास होता. मशीन बिघडलं की मेकॅनिक आठ-आठ दिवस येत नसे, म्हणून वैतागून तिनं स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता, आणि टाइपरायटर खोलता खोलता कधी कॉम्प्युटरपर्यंत पोचली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शिराळ्याच्या बाजूला जयराजचा मोठा बारदाना. ऊस, तोडणीच्या टोळ्या, चार ट्रक, आणि तोंडावर आलेली निवडणूक. त्यानं पुण्याहून लॅपटॉप आणला आणि तो चालवायला माणूस हवा म्हणाला, तेव्हा तिनंच सुमंतला तिथं चिकटवला होता. आज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सुमंतला घरातून उचलून नेलं. मग तीन तासांनी तीच जीप तिला न्यायला आली. ड्रायव्हर आकाराम वाटभर एक अक्षर बोलला नाही.

उंबऱ्याच्या आत, सोप्यात देवापुढं परवाची पूजा तशीच होती. पाटावर दोन तलवारी, बारा बोअरची बंदूक, कोयते, पान्हे, आणि मधोमध लॅपटॉप. खांडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची, दसऱ्यापर्यंत कशालाच हात लावायचा नाही. लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं उमटली होती आणि झेंडूची पाकळी चिकटली होती.

"सकाळी खटका दाबला तर सुरूच हुईना," जयराज म्हणाला. "विंग्रजीत कायतरी शिव्या देतंय. आज सांजच्याला साताऱ्याचं इंजिनेर येत्यात. आमच्या पाण्याच्या स्कीमचा नकाशा ह्येच्यात हाय. त्यो दावला न्हाई तर स्कीम गेली त्या नाथाजीच्या गटाला. आन तुमचा ह्यो बंधू गेल्या हप्त्यात शिराळ्याला नाथाजीसंगं च्या पीत हुता. कळलं का?"

"चहाच प्यायला ना?"

"आधी समदं च्याच पित्यात." त्यानं पाटावरचा एक कोयता उचलला. पात्यावरचं कुंकू अजून तसंच होतं. "हे बघा म्याडम. सुरू झालं तर बरं. न्हाई झालं, न्हाईतर त्येनं मुद्दाम बिघडवल्यालं निघालं, तर ह्यो कोयता आन त्येचा उजवा हात. टायपिंगचा हात त्योच न्हवं?"

"त्याला बघू का दिलं नाहीत मशीन? त्यानं चालू केलं असतं."

"चोराच्याच हातात किल्ली द्यू? काय दिसतंय सांगा, काय दिसतंय सांगा म्हनून लय वरडत हुता. दादासोनं त्वांडावर सांगितलं त्येला काय दिसतंय त्ये."

बाहेर पट्टा पुन्हा वाजला.

"ते थांबवा आधी. त्या आवाजात काम व्हायचं नाही."

"तुमी उरका, त्ये थांबतंय."

अनसूयानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क सिस्टिमची नाही, बदला आणि कुठलीही कळ दाबा. तिला एकदम हसूच फुटणार होतं. क्लासमधली पोरं रोज हा घोटाळा करायची. फ्लॉपी आत विसरायची, मशीन सुरू होताना आधी तिच्यात तोंड घालायचं आणि तिच्यात काही मिळालं नाही की रुसून बसायचं. फ्लॉपी काढली की संपलं. एवढ्यासाठी माझ्या भावाच्या पोटऱ्या सोलल्या, मेल्यांनो!

तिनं कडेचं छोटं बटण दाबलं. फ्लॉपी अर्धी बाहेर आली. तिच्या पांढऱ्या कागदावर हळदीचा अंगठा उमटला होता. बारीक, बाईमाणसाचा.

समोर कपबशी खडखडली. जयराजची बायको पूजा चहा घेऊन उभी होती, आणि तिची नजर फ्लॉपीवर खिळली होती. अंगठ्याच्या नखाला परवाची हळद.

जयराज तेवढ्यात उंबऱ्याशी जाऊन बाहेर ओरडला, "दादासो, झोपलास का रं? वाजंना पट्टा!"

पूजा खाली वाकली. बशी ठेवता ठेवता पुटपुटली, "म्याच घातली, ताई. टेबलावर यगळी पडली हुती. खांडेनवमीला म्यानाभाईर काय ठिवू नगंस म्हनल्या आत्ती. तलवारी घातल्या म्यानात, आन ही बी तिच्या घरात बसवली. सकाळपास्नं जीव नुस्ता..." तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. "सांगू नगा. गेल्या साली दुधाचं भांडं लवंडलं तवा कानफाडात दिली, तवापास्नं डाव्या कानानं ऐकू येत न्हाई मला. ह्या टायमाला काय ऱ्हायचं न्हाई."

बाहेर सुमंत ओरडला. या वेळी शब्द नव्हते त्यात.

अनसूयाच्या हातात अर्धी बाहेर आलेली फ्लॉपी होती. ती वर धरून नुसतं "हे बघा" म्हणायचं, की सुमंत सुटला. आणि मग तोच पट्टा अंगणातून स्वयंपाकघरात जाणार. तिनं पूजाकडं पाहिलं. पोरगी असेल बावीस-तेवीसची, क्लासमधल्या पोरींएवढी. मेल्यांनो, एका घरात मार खायला माणसं तरी किती लागतात तुम्हाला!

तिनं फ्लॉपी ओढून पदराखाली पोलक्यात सरकवली.

"जयराजराव, टेबलफॅन आणा. कोरडं फडकं आणा. आत ओल गेलीय."

"ओल?"

"ओल. वाळवावं लागेल."

फॅन आला. अनसूयानं लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली, फॅनसमोर धरला. वाळवण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. पण ताबडतोब सुरू झालं असतं तर कुणाचाच विश्वास बसला नसता. ती फडक्यानं कोपरे पुसत राहिली, आणि बाहेरचा एकेक फटका मुकाट मोजल्यासारखा अंगावर घेत राहिली. तिच्या नाटकाची किंमत सुमंत देत होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. एकदा हाड वाजल्यासारखा आवाज आला. तिनं दात एवढे आवळले की कानात कळ गेली. मग तिला तेवढंही सोसेना. तिनं बॅटरी बसवली आणि खटका दाबला.

पडद्यावर निळं आभाळ आलं, त्यात ढग, आणि मग सगळं जागच्या जागी. नकाशासुद्धा.

"आयला!" जयराज म्हणाला. एवढा मोठा माणूस क्षणभर पोरासारखा दिसला. मग डोळे बारीक झाले. "मग पानी कुनी वतलं?"

"नारळ कुणी फोडला?"

त्या घरात खांडेनवमीचा नारळ कर्त्या पुरुषानंच फोडायचा, तोही हत्यारांच्या डोक्यावर धरून, हे दारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"देवाचंच पाणी ते," अनसूया मऊ आवाजात म्हणाली. "पण यंत्राला काय कळतंय?"

दारात पट्टा घेऊन आलेला दादासो खुदकन हसला. जयराजनं वळून त्याच्या तोंडावर कोयत्याची मूठ हाणली. दादासो उंबऱ्यावर बसला, तोंडाला हात लावला, आणि हातात आलेल्या दाताकडं कौतुकानं बघत राहिला.

"सोडा त्येला," जयराज म्हणाला.

दोघांनी सुमंतला धरून पायरीपर्यंत आणलं. उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडंच वळली होती. पण हात होता. सुमंतची नजर सोप्यातल्या उजेडाकडं गेली, चालू लॅपटॉपवर थांबली, आणि त्या फुटक्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं. स्वभावच तसला. लहानपणीही रेडिओ का बिघडला ते कळल्याशिवाय जेवायचा नाही.

"सुरू झालं? आत फ्लॉपी राहिली होती ना गं, ताई?"

पूजाच्या हातातला कप खाली पडला.

"काय म्हनला?" जयराज वळला. "काय ऱ्हायलं हुतं आत?"

अनसूयानं पुढं होऊन सुमंतच्या थोबाडीत मारली. खोटी नाही, खांद्यातून. सुजलेला ओठ पुन्हा फुटला.

"गाढवा! मशीन झाकून ठेवावं ही अक्कल नाही, उघडं टाकून रजेवर जातोस, आणि वर अकला शिकवतोस?" तिनं दुसरी मारली. "पाणी गेलं होतं म्हणून सांगितलं ना मी?" सुमंत तिच्याकडं बघत राहिला. तिनं तिसऱ्यांदा हात उगारला आणि तो खरंच खाली आणला, कारण जयराजचे डोळे अजून तिच्यावर होते.

"आवं, ऱ्हावू द्या म्याडम!" जयराजनं तिचं मनगट धरलं. तो हसत होता. "मरंल की त्यो. बघा, मी म्हनलं न्हवतं चूक ह्येचीच म्हनून? झाकायला नगो?" आणि आत बघून खेकसला, "कपाचं काचं गोळा कर गं, पायात जात्याल कुनाच्यातरी."

पूजा खाली बसून काचा वेचायला लागली. तिनं मान वर केली नाही.

जीपमध्ये सुमंत खिडकीला टेकून बसला. तिनं त्याचा हात मांडीवर घ्यायला पाहिला, तर त्यानं काढून घेतला.

"त्यांनी मारलं ते कळलं," तो बाहेर बघत म्हणाला. "तू का?"

समोर जयराजचा ड्रायव्हर बसला होता. शेतं सरत होती, ऊस सरत होता, आणि भाऊ तिच्याकडं पाठ करून रक्त गिळत होता. इतकं सोपं वाक्य, आणि सांगलीपर्यंत पोटात ठेवायचं.

पेठ नाक्याच्या अलीकडं आकारामनं जीप झाडाखाली घेतली आणि चावी काढली.

"तंबाकू आनतो," तो आरशात न बघता म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज निघाला होता. "लय गर्दी असती हितं टपरीवर. याळ लागंल. तुमी बोलत बसा."

तो उतरून चालू लागला. टपरीवर एक माणूस नव्हता.

अनसूया भावाकडं सरकली. सांगायचं होतं ते सगळं घशाशी आलं होतं, पूजा, कान, म्यान, पण आधी निघालं ते भलतंच.

"फार लागलं का रे माझं?"

"तुझंच लागलं," सुमंत म्हणाला, आणि वळला.