नकाशातला मागचा जिना

मी मागचा जिना बोलतोय. पुढचा नव्हे. त्याला सगळे ओळखतात, दिवाळीत त्याच्यावर पणत्या लागतात. मी नाशिक रोडच्या एका चार मजली इमारतीच्या पाठीमागे आहे. माझा आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. मी बरीच वर्षं तोंड दाबून पडलो होतो.

मला शहाबादी फरशीच्या पायऱ्या आहेत, सिमेंटचा ओबडधोबड कठडा आहे आणि खिडकी एकही नाही. बांधणाऱ्याला मी नकोच होतो. पण दोन जिने दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होईना, म्हणून त्यानं मला उभं केलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आग लागली तर माणसांना खाली उतरवायचं, हे माझं काम. ते करायची वेळ कधी येऊ नये, असंच मला वाटायचं.

सुरुवातीला माझ्याकडे चांगली वर्दळ असे. दुसऱ्या मजल्यावरच्या कुसाबाई दुपारची भाजी माझ्या पायरीवर बसून निवडत. सटाण्याकडच्या मळ्यात आयुष्य गेलेलं, खोल्यांमध्ये त्यांना कोंडल्यासारखं होई. तिसऱ्या मजल्यावरची हुस्नबानो ब्लाउज शिवते. ती हूक-बटणांचं काम घेऊन त्यांच्या शेजारी येई आणि दोघी इमारतीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढत. मी ऐकत बसायचो. मजा यायची.

मग तळमजल्यावर शेखरशेटचं गाद्यांचं दुकान आलं. शेटला गोदाम हवं होतं. त्यानं माझ्या पायथ्याशी शटर ठोकलं आणि पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत फोमच्या गाद्या रचल्या. सोसायटीची मीटिंग भरली. शेट म्हणाला, जागेचं भाडं सोसायटीला देतो, सगळ्यांचा मेंटेनन्स कमी होईल. तो कमी झाला आणि सगळे गप्प झाले. कुसाबाईंचे पती रंगनाथकाकाही गप्प. हुस्नबानोही गप्प.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांनी पेट घेतला. काळा धूर त्या जिन्यातून वर चढला. लोक गच्चीकडे पळाले. हुस्नबानो तिच्या मुलीला, अरिबाला, ओढत वर गेली. रंगनाथकाका बँकेत गेलेले. कुसाबाईंना गुडघ्यांमुळे चढवत नव्हतं. त्या माझ्याकडे आल्या. पदरानं नाक दाबून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत वळणापर्यंत आल्या.

तिथे गाद्या होत्या.

त्यांनी दोन्ही हातांनी गाद्या ओढल्या. जागच्या हलल्या नाहीत. "कोनी हाय का? शटर उघडा रे," त्या म्हणत राहिल्या. शेट जेवायला घरी गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. धूर मागून खाली उतरत आला. थोड्याच पायऱ्यांखाली रस्ता होता, मोकळी हवा होती. रसवंतीची घुंगरं मला ऐकू येत होती, त्यांनाही येत असतील. ज्या कामासाठी मला बांधलं, तेच मला करता आलं नाही. अग्निशमनवाल्यांनी त्यांना माझ्यावरूनच उचलून नेलं.

तिसऱ्या दिवशी शेट काकांना भेटायला आला. "वय झालं होतं, काका," तो म्हणाला. "गच्चीवर गेल्या असत्या तर वाचल्या असत्या. मागे तसा जिना नव्हताच. नकाशात ती गोदामाचीच जागा आहे."

हुस्नबानो चहाचा कप तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पालिकेच्या कचेरीत फेऱ्या सुरू झाल्या. एका खिडकीवर सांगितलं, नकाशा बिल्डरकडून आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, वेबसाइटवर बघा. वेबसाइट म्हणाली, नोंद आढळली नाही. मग अरिबानं माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. पहिलं उत्तर आलं, फाइल सापडत नाही. मायलेकींनी अपील केलं. फाइल सापडली.

त्या संध्याकाळी हुस्नबानो नकला घेऊन आली आणि काकांना घेऊन माझ्या वरच्या पायरीवर बसली.

"काका, हा मंजूर नकाशा. हे बघा, जिना क्रमांक दोन. आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता."

"म्हंजे शेट खोटं बोलला."

"थांबा, अजून आहे. पहिल्या मजल्यावरचा तो जुना भाडेकरू आठवतो? त्यानं जाता जाता तक्रार केली होती. पालिकेनं शेटला नोटीससुद्धा दिली, जिना मोकळा करा म्हणून."

"मंग?"

"मग हा पाहणीचा अहवाल. जिना मोकळा केल्याचे आढळले, प्रकरण बंद. सोबत फोटो."

काकांनी चष्मा लावला. फोटोत लोखंडी कठड्याचा, चकचकीत टाइल्सचा एक जिना होता आणि खिडकीतून त्याच्यावर ऊन पडलं होतं. काकांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ह्यो आपला जिना नाय."

"नाहीच आहे." हुस्नबानोनं अहवालावर बोट ठेवलं. "काकू गाद्या ओढत होत्या ना काका, तेव्हा कागदावर हा रस्ता मोकळा होता."

कोण होता तो, दुसऱ्याच जिन्याचा फोटो माझ्या नावावर चिकटवणारा? माझ्यापर्यंत तो कधी आलाच नाही. माझ्या एका पायरीवर त्याचा बूट पडलेला नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिनं नकला टेबलावर ठेवल्या. शेट म्हणाला, "भाभी, जुनं उकरून काय मिळणार?"

"मला कायच मिळनार नाय," रंगनाथकाका म्हणाले. "तू जिना उघड."

पहिल्या मजल्यावरची उज्वला हळूच म्हणाली, "भाडं बंद झालं तर मेंटेनन्स परत वाढेल ना?"

"उज्वलाताई, हे काकांच्या तोंडाकडे बघून म्हणा," हुस्नबानो म्हणाली.

उज्वलाला ते जमलं नाही.

शेवटी हुस्नबानो आणि काकांनी मिळून पोलिसांत आणि पालिकेत तक्रार दिली. पथक आलं, गॅस कटरनं शटर कापलं, गाद्या रस्त्यावर काढल्या. शेटवर खटला चालू आहे. अहवाल लिहिणाऱ्याची बदली झाली म्हणतात, चौकशीही चालू आहे म्हणतात. रंगनाथकाका आता पुढच्या जिन्यानं जात नाहीत. माझ्यावरून उतरतात आणि वळणावर थोडा वेळ थांबतात. मीही थांबतो. दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात माझ्या पायथ्याशी कोणीतरी मोडका कूलर आणून ठेवला. दोन दिवसांसाठी, असं म्हणत होतं. हुस्नबानोनं तो एकटीनं ओढत अंगणात नेऊन आडवा पाडला आणि वर शिवणाला बसली. कोणाचा होता ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या इमारतीलाही मागे जिना असेल. आपला नकाशा मागून घ्या. फाइल सापडत नाही म्हणतील, तरी मागा. आणि उद्या चपला घालून तो जिना शेवटच्या पायरीपर्यंत उतरून बघा. उतरता आलं नाही, तर शटर कोणाचं आहे एवढंच विचारू नका. ते लागलं तेव्हा आपण मीटिंगमध्ये काय बोललो होतो, हेही आठवा.