तोंड उघडील त्याचं चित्र

ग्रामसभा शिवीगाळीशिवाय उठली, असं कुंभार पिंपळगावच्या पलीकडच्या त्या गावात कधी घडलं नव्हतं. रक्त मात्र यंदाच्या वैशाखातच सांडलं. तेही कशापायी, तर फरशीवरच्या खडूच्या रेघोट्यांपायी!

रेघोट्या रूपालीच्या. ती अंगणवाडीत मदतनीस होती. सभेला बाया यायच्या, मागं भिंतीला टेकून बसायच्या आणि घरी जाताना एकमेकींनाच विचारायच्या, काय ठरलं गं? पुढचे पुरुष बायांकडं पाठ करून बोलत, मागं ढिम्म ऐकू येत नसे. म्हणून रूपाली शाळेच्या ओट्यावर मधोमध बसून बोलणाऱ्याचं चित्र काढू लागली. गोल डोकं, दोन हात आणि बाजूला तो जे मागतो ते. नियम एकच, तोंड उघडील त्याचंच चित्र. मग काय, जन्मात न बोललेल्या बायाही पुढं सरकल्या. "माहंबी काढ गं! माही घागर काढ!"

सगळ्यांत पुढं सगुणाबाई, हातात काठी, डोळ्यांवर चष्मा. नवरा गेला त्या साली तापानं तिचे कान गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. चित्रं बघून तिला सभा कळू लागली आणि म्हातारीची कळी खुलली.

त्या दिवशी विषय होता विहिरीचा; फरशीवर प्रत्येक चित्राशेजारी विहीरच होती. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ओढ्याकाठचा एक तुकडा सोडला तर कुठंच पाणी लागत नव्हतं, आणि तो तुकडा सगुणाबाईच्या नावावर. तिथं गावाची विहीर झाली तर रूपालीच्या बौद्धवाड्यात पहिल्यांदा नळ येणार होता. नाही तर पोरीबाळींनी डोक्यावर घागरी घेऊन रान तुडवायचं, हे ठरलेलंच.

सगुणाबाईचा लेक भुजंग उठला. त्याच ओढ्यावर त्याची मोसंबीची बाग जगत होती आणि पाण्यात त्याला वाटेकरी नको होता.

"मायला म्या इचारलं," तो म्हणाला. "माय न्हाई म्हनती. बिलकुल न्हाई."

ग्रामसेवकानं लगेच पेन काढलं. म्हातारीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बहिरीला काय विचारायचं?

रूपालीचा हात थबकला. हे काढलं तर आग लागेल, हे तिला कळत होतं. पण नियम म्हणजे नियम. तिनं भुजंगचं उघडं तोंड काढलं. त्या तोंडासमोर काठीवाली, चष्मेवाली म्हातारी काढली आणि म्हातारीचा हात दुसऱ्या बाईच्या घागरीवर आडवा ठेवला.

सगुणाबाई वाकली. "ही मी का गं? म्या कव्हा आडवा हात लावला? कोन म्हनलं?"

रूपालीनं भुजंगकडं बोट दाखवलं.

भुजंगनं झेप घेतली आणि ते बोट, तो हात फरशीवर आपटून बुटाखाली रगडला. कटकन आवाज झाला. रूपाली किंचाळली तसा तिचा नवरा संपत धावला. त्यानं भुजंगची गचांडी धरून त्याला खांबावर आपटलं. भुजंगनं आईच्याच हातातली काठी हिसकली आणि संपतच्या डोक्यात घातली.

"लई माजले रे! आमच्या घरात आग लावून राह्यले?"

संपत कोसळला. रक्त फरशीवरून वाहत चित्रांत शिरलं. एवढे मिशीवाले जमले होते, पण सोडवायला एकही पुढं झाला नाही. तमाशा बघायला मात्र सगळ्यांना डोळे होते.

"मारू नको भुजंगभाऊ, मरंल तो!" रूपाली ओरडली.

काठी पुन्हा वर गेली. सगुणाबाई मधे घुसली आणि काठी तिच्या मनगटावर बसली. हात लोंबकळला. भुजंग जागीच थिजला. म्हातारीनं दुसऱ्या हातानं त्याच्या थोबाडात अशी ठेवून दिली, की तो आवाज शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"सायेब, लिवा!" ती ग्रामसेवकावर ओरडली. "सगुणाबाई इहिरीला जागा देती. चांगल्या हाताचा आंगठा घ्या, जल्दी!"

ग्रामसेवकानं कागद पुढं केला. अंगठा उठला. बायांनी संपतचं डोकं पदरानं बांधलं.

भुजंग थुंकला. "घरी ये तू, माय. उंबरा वलांडू देनार न्हाई. गोठ्यातबी जागा न्हाई तुला!"

सगुणाबाईनं रूपालीकडं पाहिलं. "काय म्हनला गं?"

लेकाचं हे बोलणं आईला कसं दाखवायचं? पण तोंड त्यानंही उघडलं होतं. तिनं डाव्या हातात खडू धरला. वाकडंतिकडं घर काढलं, दार बंद काढलं, बाहेर म्हातारी काढली.

सगुणाबाईनं वाकून चित्र बघितलं. मग बोळक्या तोंडानं हसली.

"दार कोनाचं लावतो रे, भुजंगा? घरबी माह्याच नावावर हाय. जा, तुही बाज बाहीर काढ."