पन्नासाला एक नर

मधमाश्यांच्या पेटीत पोळी पाच. दोन मधाने भरलेली, एकाच्या कडेला पिवळा पराग, मधली दोन रिकामी. त्या दोन पोळ्यांतली घरं माश्यांनी चाटूनपुसून लख्ख ठेवली होती, अंड्यांसाठी. अंडी एकही नाही. राणी एक. नर सात.

"पुन्हा मोजा," बास्सूची बायको तुदा म्हणाली. तिच्या हातातल्या टोपलीत माश्यांना धूर द्यायला खजुराचा काथ्या धुमसत होता.

"तीनदा मोजले."

"मग चौथ्यांदा मोजा. झाडावर चढायला कंबर लागते, मोजायला नाही."

बास्सूने पोळं उन्हाकडे धरलं. राणीला जन्मून आज सोळा दिवस झाले होते.

चाळीस वर्षं तो ताफिलाल्तच्या मरूद्यानातल्या खजुरांवर चढला. दर वसंतात नर झाडाच्या तुऱ्यातले चार-पाच धागे काढायचे, मादीच्या घडात उलटे खोचायचे आणि पातीने बांधायचे. पन्नास माद्यांना एक नर पुरतो, बाकीचे नर पाणी पितात, म्हणून तोडायचे. हे त्याला बापाने शिकवलं होतं. मागच्या साली तो शेंड्यावरून खाली आला तो पाठीवरच. तेव्हापासून झाडं लोकांची झाली आणि त्याच्याकडे उरलं ते भिंतीच्या कोनाड्यातलं मोहोळ. पिवळ्या माश्यांचं, त्याच्या आईच्या वेळचं. सात वर्षांच्या दुष्काळात गावातली बाकीची मोहोळं गेली. राहिली दोन: एक त्याचं, एक तुदाच्या भावाचं, झैदचं.

या वसंतात लसूणघास फुलायच्या आधी बास्सूने कोनाडा उघडला, तेव्हा पोळ्याच्या खालच्या कडेला नरांची घरं दिसली. मोठी, फुगीर झाकणांची, घुमटांसारखी. कामकरी माश्यांच्या घरांची झाकणं सपाट असतात, डोळ्यांना लगेच फरक कळतो. नर काम करत नाहीत, नुसते खातात. बास्सूने सुरी घेतली, तळहाताएवढा तुकडा ठेवला आणि बाकी सगळं कापून कोंबड्यांना घातलं. मग झैदकडे जाऊन त्याच्याही मोहोळातलं कापून दिलं.

महिन्याभरात म्हातारी राणी अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन डोंगराकडे उडून गेली. मागे राहिली तिची कोवळी लेक, चार ओंजळी माश्या आणि मोजके नर. बास्सूने त्यांना नव्या लाकडी पेटीत बसवलं. मग पाच दिवस वाळूचा वारा सुटला.

वारा थांबल्यावर तो काठी टेकत झैदकडे गेला. झैद कोनाड्यासमोर उकिडवा बसला होता. आत एकही माशी नव्हती.

"गेल्या, दाजी. पाण्याच्या मागे गेल्या असतील. सलामसुद्धा केला नाही."

"नर तरी मागे राहिलेत का रे? माझ्या राणीला हवेत. दहा-बारा तरी."

झैदने मान वर केली. "नर? तूच तर कापून दिलेस. आणि मी वर तुला पुदिन्याचा चहा पाजला."

"खजुराला एक पुरतो..."

"खजूर एका जागी उभा असतो, दाजी. ही बाई आभाळात जाते. तिथे गर्दी लागते. आणि ज्याला ती वश होते तो तिथेच मरतो. ती तशीच राहिली तर अंडी घालेल, पण त्यातून नुसते नर निघतील."

बास्सूला हे कळायला वेळ लागला नाही. पराग न मिळालेला घडही फळ धरतो. बारीक, बिनबियांचं, तुरट. ते गाढवाला घालतात.

घरी येताना त्याने हिशेब केला. अंड्यातून नर निघायला चोवीस दिवस, उडायच्या लायकीचा व्हायला आणखी दोन आठवडे. नराला भेटून यायला राणीकडे फार तर दहा दिवस. आणि अंडी घालणारं गावात कुणी नव्हतंच.

मग त्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं. माश्या लसूणघासाचा मध आणून मधली पोळीही भरू लागल्या होत्या. राणीला जागा राहिली नसती. भरलेली पोळी काढून तो नवं पोळं बांधायच्या रिकाम्या पट्ट्या लावत राहिला. तुदा साखरपाणी ठेवायची.

"माझ्यासाठी कधी एवढी जागा केली नाहीत," ती म्हणाली. तो हसला नाही. तिने पुन्हा चेष्टा केली नाही.

अठराव्या दिवशी दुपारी ऊन स्वच्छ पडलं. दोघं पेटीसमोर चटईवर बसले. आधी नर निघाले. तुदाने बोटं दुमडत मोजले. सात. मग राणी दाराशी आली, थबकली आणि उडाली.

"या अल्लाह, एक तरी," तुदा पुटपुटली.

अर्ध्या तासाने राणी परतली. नर एकेक करून येऊ लागले. चार आल्यावर तुदाने त्याचा हात धरला. पाचवा आला. सहावा बराच वेळ आला नाही, मग आला.

"एक वरच राहिला," ती म्हणाली. "एक राहिला, अहो!"

सातवा पेटीच्या छपरावर बसला होता. तिथून तो चालत आत गेला.

नंतर सहा दिवस ढग आणि धूळ. राणी बाहेर आली नाही.

सव्विसाव्या दिवशी मधल्या पोळ्यात अंडी दिसली. प्रत्येक घरात एक, तळाशी नीट उभं. तुदाने जीभ हलवून ललकारी दिली, लग्नात देतात तशी. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "कोण झालं गं?"

"दहा दिवस थांब," बास्सू म्हणाला. "झाकणं येऊ दे."

दहा दिवस तो पेटीला शिवला नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, धुतलेला पायघोळ जेलाबा घातला आणि पोळं उन्हाकडे धरलं. तुदा धूर धरून उभी होती. या वेळी तिने मोजायला सांगितलं नाही. त्याने काडीच्या टोकाने ओळीओळीने, दोनदा मोजलं.

झाकलेली घरं दोनशे अकरा. फुगीर झाकणांची दोनशे अकरा.