लाल झाकणाची बाटली

कांताबाईनं एकदा ठरवलं की ते बदलायची मारेगावकडच्या त्या वस्तीत कुणाची बिशाद नव्हती. पाच वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव नाल्यात सोडणारी पहिली बाई तीच. त्यामुळं नागपूरच्या डॉक्टरीण विमलताई पोटुशा बायांच्या रक्ताचा अभ्यास करायला जीप घेऊन आल्या आणि प्रत्येकीला गोळ्यांची बाटली देऊन म्हणाल्या, एकीच्या बाटलीला दुसरीनं हात लावायचा नाही, तेव्हा कांताबाईच्या कपाळाची शीर उठली. जन्मभर विहिरीकाठी दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलेल्या बाईला हे सांगावं कुणी!

त्यात बाटल्यांतही दोन जाती. काहींना लाल झाकण, काहींना पांढरं. गोळ्या दिसायला एकसारख्या. कशात काय, ते विमलताईंनी सांगितलं नाही. पण बायांनी आपसांत ठरवून टाकलं, की रक्ताचं औषध लाल झाकणातच असणार. कांताबाईच्या सुनेला, सत्यभामेला, लाल मिळालं होतं. पांढऱ्यावाल्या तोंड पाडून बसल्या. जीप वळणाआड गेली तशी कांताबाईनं सगळ्या बाटल्या एका डब्यात ओतल्या आणि डबा खळखळ हलवला. रोज संध्याकाळी वंदना झाली की डब्यातून हाताला येईल ती एकेक गोळी. आपल्यात आता उच्च-नीच नाही, मग गोळीत कसं असेल?

सत्यभामाही त्याच डब्यातली गोळी घेऊ लागली. ती आधीच पिवळी पडली होती, दोन पावलं चालली की दम लागायचा. ते पाहून कांताबाईच्या मनात पाल चुकचुकली, पण दिला शब्द तिनं मागं घेतला नाही.

नववा महिना लागला. विमलताई रक्त तपासायला आल्या त्याच सकाळी सत्यभामेचं पोट दुखू लागलं. ताईंनी तिच्या बोटाचा थेंब टिपकागदावर घेतला, रंगपट्टीशी ताडून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा पाहिला, आठी तशीच. खाई त्याला खवखवे. कांताबाईला वाटलं, चोरी पकडली गेली.

दुपारी मुलगी झाली. रडली चांगली, पण सत्यभामेचं रक्त थांबेना. विमलताई सुई देऊन पोट दाबून बसल्या होत्या. कापडामागून कापड भिजत होतं आणि कांताबाई ते एकेक उचलून बाहेर नेत होती. आपणच सुनेच्या वाटणीचं औषध गावाला वाटलं, हे तिला आतून खात होतं. लेक भीमराज राजूरच्या कोळसाखाणीत कामाला. तो येऊन विचारेल तेव्हा कोणत्या तोंडानं सांगायचं?

न राहवून ती खाटेशी बसली आणि म्हणाली, "बाई, ह्या पोरीनं तिच्या गोळ्या नाई खाल्ल्या. म्या साऱ्याइच्या एकात मिसळल्या. मारायचं तं मले मारा, पण इले वाचवा."

विमलताईंचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा दाबू लागला. बऱ्याच वेळानं रक्ताची धार मंदावली, थेंबांवर आली आणि थांबली. सत्यभामेनं डोळे उघडून पाणी मागितलं. तेव्हा कुठं ताई भिंतीला टेकल्या.

"कांताबाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाल झाकणात औषध नव्हतंच. खडू होता. औषधानं फरक पडतो का, ते ताडायला काहींना खडू द्यावा लागतो. हिचं रक्त वाढलेलं कसं, तेच मला सकाळपासून कळत नव्हतं. तुम्ही वाटून खाल्ल्या नसत्या, तर आज एवढं रक्त गेल्यावर ही राहिली नसती."

कांताबाईला आधी हायसं वाटलं आणि मग संताप आला. माझ्या सुनेला खडू? पण तिनं विचारलं वेगळंच.

"त्या पल्याडच्या गावात बी बाटल्या देल्या ना तुमी? जमीनवाल्याइच्या घरी?"

"दिल्या."

"त्या बाया नाई वाटून खात, बाई. तुमी सांगतलं तसंच करतात त्या."

विमलताईंचा चेहरा पांढराफटक पडला. सत्यभामेला सोडून त्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी पांढऱ्या झाकणांच्या बाटल्यांची पेटी पुढं सरकवली. ह्या देऊन लाल झाकणं सगळी परत आणा, एवढंच म्हणाल्या. मग चाचरत त्यांनी विचारलं, तुमच्या हातून त्या घरांत घेतील का?

कांताबाईनं सुनेकडं पाहिलं. सत्यभामा क्षीण आवाजात म्हणाली, "जा आत्याबाई, मी बरी हाओ."

कांताबाई पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. त्या गावच्या विहिरीवर तिनं आजवर पाय ठेवला नव्हता. तिनं ड्रायव्हर देवसिंगला गाडी काढायला सांगितलं.