सॉनातली नादफळी

पियानो दुरुस्त करणाऱ्या एव्हर्टने लेम्पीबाईंना शब्द दिला खरा, पण घरी पोहोचेपर्यंत त्याला धाकधूक सुरू झाली. बाईंच्या आईचा पियानो शहरातल्या कारागिराने कामातून गेल्याचं सांगितलं होतं. तारांचा आवाज जिच्यामुळे खोलीभर घुमतो ती लाकडी नादफळी चुलीजवळ राहून राहून चिरली होती, सपाट झाली होती. कारागीर म्हणाला, नवी बसवा. बाई म्हणाल्या, "नव्या फळीचे पियानो बाजारात पडलेत. मला आईचा हवाय." त्यावर एव्हर्टच्या तोंडून निघून गेलं, "जुनीच ठेवू."

चांगली नादफळी किंचित फुगीर असते. मागच्या बाजूने या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणला, की मधे फट दिसते. एव्हर्टच्या दोऱ्याखाली कागदही सरकेना. फळीला पाठीमागून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आतून सुटल्या असतील, तर तिचा जीव गेलाच म्हणायचा.

तरी त्याने तारा उतरवल्या, फळी अलगद सोडवली. चिरांत स्प्रूस लाकडाच्या चिपा बसवायच्या, तर लाकूड अगदी कोरडं हवं. नाहीतर चिपा बसतात आणि पुढच्या थंडीत शेजारीच नवी चीर पडते. समुद्राकाठच्या त्या गावात शरद ऋतूत कोरडी जागा एकच, सॉना: तापल्या दगडांवर पाणी शिंपडून वाफ घ्यायची न्हाणी, पाणी नसलं की रखरखीत कोरडी. एव्हर्टने फळी वरच्या बाकावर आडवी ठेवली, खाली मंद आच ठेवली आणि बायकोला सांगितलं, "हिल्का, सध्या इथे पाणी शिंपडायचं नाही."

"म्हणजे शनिवारी मी शेजारणीकडे न्हायला जायचं?"

"पियानोसाठी."

"माझ्यासाठी एवढं कधी केलं नाहीस," असं म्हणत हिल्का टॉवेल घेऊन गेली.

फळी वाळली आणि आणखीच सपाट झाली. एव्हर्टची झोप उडाली. सोमवारी जाऊन बाईंना नाही सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी तो बाजारातून परतला तर सॉनाच्या धुराड्यातून दाट धूर निघत होता आणि आतून शीळ ऐकू येत होती. त्याने दार उघडलं. वाफेत हिल्काचा भाऊ आर्वी उघडाबंब बसला होता. फळी शेजारी भिंतीला टेकून उभी होती.

"अरे, हे काय केलंस!"

"दाजी, ये ना! पण सॉना कसला हा, नुसता कोमट. पाच-सहा पळ्या घातल्या तेव्हा कुठे जरा वाफ झाली."

"पाणी घातलंस? हिच्यावर?"

"हिच्यावर कशाला? दगडांवर. शनिवार आहे ना आज. ही बाकावर ऐसपैस आडवी पडली होती, म्हटलं जरा सरक बाई."

पट्ट्या चिकटवणारा जुना सरस वाफेने सुटतो. एव्हर्टने फळी उचलून अंगणात आणली, पट्ट्यांवर बोटाने टकटक केली. एकही पट्टी खुळखुळली नाही. मग त्याने खिशातला दोरा काढला.

"आर्वी, हे टोक धर."

"असाच? शेजारीण बघेल!"

"धर म्हणतो ना!"

आर्वीने एका हाताने टॉवेल, दुसऱ्याने दोरा धरला. एव्हर्टने फळीशी डोळा लावला. मधे फट होती. करंगळीचं टोक सहज जाईल एवढी.

"फुगली," तो हळूच म्हणाला. ओल लागली की लाकूड रुंद व्हायला बघतं; पाठच्या पट्ट्या त्याला घट्ट धरून ठेवतील, तरच ते कमानीसारखं वर येतं. सुटलेल्या पट्ट्यांच्या फळीला हे जमत नाही. "अजून जीव आहे हिच्यात."

"बघ! दोन दिवस नीट आंघोळ घाल, मग कशी टवटवीत होते ती."

"तू आता शेजारणीकडे जा न्हायला."

फळी पुन्हा वाळवावी लागली. पण आता एव्हर्टला रात्री झोप लागत होती. चिपा बसवताना तो चक्क गुणगुणायचा, असं हिल्का म्हणाली. मग फळी पियानोत परत बसवून नव्या तारा चढवल्या. जुन्या होत्या तेवढ्याच जाडीच्या, आणि एकदम न ताणता थोड्या थोड्या ओढत.

पियानो तयार झाल्यावर लेम्पीबाईंनी हातमोजे काढले आणि त्या खालच्या सुरांत बराच वेळ वाजवत राहिल्या. एका स्वरपट्टीपाशी थांबल्या. तो सूर किंचित घोगरा होता. एव्हर्ट घाईघाईने पुढे झाला. "तेवढं काढून देतो, बाई. माझंच काहीतरी राहिलं असेल."

"राहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आई असताना हा असाच बोलायचा. हात लावाल तर बघा!"

आणि त्यांनी तोच सूर पुन्हा दाबला.