चार पानांचा वारा

भुवया कोरायच्या चिमट्याने रंजिताने मदरबोर्डवरचा जंपर उपसला, शेजारच्या दोन काड्यांवर बसवला आणि श्वास रोखून बटण दाबलं. जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो कुठे बसवला यावरून मशीन किती वेगाने पळायचं ते ठरतं. पडदा आधी काळाच राहिला, मग त्यावर अक्षरं उमटली. एकशेतेहतीसचा प्रोसेसर एकशेसाठवर चालत होता.

"झालं काय?" पुढच्या काउंटरवरून भैय्याजींनी विचारलं.

"झालं, बाबा. सत्तावीस जास्तीचे भेटले."

"सत्तावीस काय?"

"मेगाहर्ट्झ."

"बरं," म्हणून भैय्याजी उदबत्तीचे पुडे रचत राहिले. पोरगी एवढी खूश आहे म्हणजे सत्तावीस हे चांगलेच असणार, इतपत त्यांना समजलं.

दुकान कारंजाच्या बसस्टँडसमोर होतं. पुढे पूजेचं सामान, मागे कॉम्प्युटर. पाच वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून भैय्याजींनी तो जुनाच उचलून आणला आणि दारावर पाटी लावली, 'येथे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळेल.' पाटीखाली दुकानाचा एकुलता एक नियम हाताने लिहिलेला होता. मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी सोबत यावे, एकट्याला कागद मिळणार नाही. असं का, म्हणून कोणी विचारलं की भैय्याजींचं उत्तर ठरलेलं असे. "जन्मयेळेत चूक निघाली तं दुरुस्त कोण करंल?"

मग दोन्हीकडची माणसं बाकाची दोन टोकं धरून बसत आणि मशीन कुरकुरायला लागे. पंधरा मिनिटं तरी ते गणितात घालवी. त्यानंतर प्रिंटरची पाळी. प्रिंटरची रिबन बरेचदा अडके. भैय्याजी बाह्या सारून ती सोडवायला बसत, बोटं काळीकुट्ट करून घेत आणि कधीकधी पाऊण तासाने चार पानं लोकांच्या हातात ठेवत. छत्तीसपैकी इतके गुण. अठराच्या खाली आकडा गेला की शहाणी माणसं उठतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या बाकावर रंजिता स्वतः बसली होती. तेव्हा मशीनवर भैय्याजीच बसायचे. समोर आर्वीचा हर्षित, त्याचे आईवडील. चहा दोनदा झाला. हर्षितच्या आईने तिच्या साडीचा पदर बोटांत धरून पोत पाहिला. "हे मशीनबी लग्नाळू दिसते, लाजून राह्यलं," असं हर्षित हळूच म्हणाला आणि रंजिताला हसू आवरलं नाही. त्या पाऊण तासात तिने मनातल्या मनात आर्वीच्या घरात भांडीसुद्धा लावून टाकली. मग कागद आला. नऊ गुण. हर्षितच्या वडिलांनी घडी करून तो खिशात घातला, "बरं, येतो आम्ही" म्हणाले, आणि हर्षितने चहाचा ग्लास आवाज न करता बाकावर ठेवला.

नऊ गुणांचं तिला फारसं वाटलं नव्हतं. पाऊण तासाचं वाटलं. कागद पाच मिनिटांत आला असता तर ती हसलीच नसती, आणि हसली नसती तर पुढचे सहा महिने आर्वीची बस दिसली की मान फिरवायची वेळ आली नसती. नाही म्हणायचं तर लवकर म्हणा, माणसाला आशेला लावून बसवू नका, एवढंच तिला त्यातून समजलं. म्हणून सन दोन हजारच्या एप्रिलमध्ये ती नागपूरला जाऊन सीताबर्डीतून वापरलेला प्रोसेसर आणि आठ एमबीची बत्तीस करणारी मेमरी घेऊन आली. मासिकातला लेख झेरॉक्स करून पाठ केला, आणि चिमटा हातात घेतला.

वेगाची एक खोड होती. मशीन तापायचं. वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात माणूस तापतो तिथे मशीनची काय कथा! रंजिताने कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं, घरचा टेबलफॅन आणून थेट त्याच्या पोटात सोडला आणि फॅनवर चिठ्ठी डकवली, 'पंखा मशीनचा आहे. फिरवू नये.' पंखा दोन मिनिटं इकडेतिकडे झाला की पडदा जागच्या जागी गोठून बसायचा.

पण काम झालं. छपाई धरून पाच-सहा मिनिटांत कागद तयार. आता मशीनवर आणि प्रिंटरवर दोन्हीकडे तीच बसे. प्रिंटर तोच जुना होता, पण तिच्या हाताखाली तोही सुतासारखा सरळ झाला होता. माणसं येत, बाकावर टेकत, आकडा ऐकत आणि येणाऱ्या बसने निघून जात. शेजारच्या चहावाल्याने एकदा विचारलं सुद्धा, "भैय्याजी, तुमचे पाहुणे आजकाल चहा सोडून देल्ले काय?"

भिंतीवर एक खिळा होता. इथे जुळलेल्या लग्नांच्या निमंत्रणपत्रिका भैय्याजी त्याला टोचून ठेवत. दरवर्षी मे महिन्यापर्यंत खिळा दिसेनासा होई. यंदा त्याला तीनच कागद होते.

"खिळा रिकामा दिसून राह्यला," भैय्याजी म्हणाले.

"यंदा मुहूर्तच कमी हायेत, बाबा."

"असंन," ते म्हणाले आणि पुड्यांवरची धूळ झटकायला लागले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, चौघं जण आले. संत्र्याची बाग असलेले तानबाजी आणि त्यांची मुलगी मयुरी बाकाच्या एका टोकाला बसले. दुसऱ्या टोकाला तळेगावकडून बसने आलेल्या अनुसयाबाई आणि त्यांचा मुलगा प्रफुल. यांची भाजीपाल्याची शेती. अनुसयाबाईंचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता.

तानबाजी काउंटरशी येऊन भैय्याजींना हळूच म्हणाले, "पाचवं ठिकाण हाय जी. हे नाई झालं तं पोरगी म्हणते, आता मी कोणाले पाहूच देत नाई. सव्वीस सुरू झालं तिले."

भैय्याजींनी मान हलवली. रंजिताने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून जन्मतारखा भरायला घेतल्या.

"पोरी, पंखा जरासा इकडं कर ना वं," अनुसयाबाई म्हणाल्या. "जीव कासावीस झाला."

"मावशी, तो मशीनचा हाय." रंजिताने चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

"मशीनले पंखा अन् माणसाले घाम. बरं हाय बाई!"

तेव्हा मयुरी जागची उठली. पिशवीतून तिने स्वतःची जन्मपत्रिका काढली, जाड पुठ्ठ्यात शिवलेली, आणि अनुसयाबाईंच्या शेजारी बसून त्या पुठ्ठ्यानेच त्यांना वारा घालायला लागली. "राहू दे वं" म्हणत अनुसयाबाईंनी डोळे मिटून घेतले. वारा घालता घालता मयुरी मशीनकडे पाहत होती. अशी पाठमोऱ्या मॉनिटरकडे नजर लावून बसलेली मुलगी रंजिताला ओळखीची होती.

तिने एंटर दाबलं. दोन मिनिटांत आकडा येणार होता. ती पडद्याकडे बघेना. त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने पंखा फिरवला, पार बाकाकडे. अनुसयाबाईंचा पदर उडाला. काउंटरवर भैय्याजींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पडदा गोठला.

"काय झालं?" तानबाजींनी धसकून विचारलं.

"तापलं. आता थंड होऊ द्या लागते."

"किती येळ?"

"लागंन थोडा."

आता बसायचंच आहे म्हटल्यावर माणसं जरा सैल झाली. भैय्याजींनी चहा सांगितला. प्रफुलने विचारलं की बागेला पाणी कुठून घेता. तानबाजींनी विहिरीचं सांगितलं. अनुसयाबाईंना वाऱ्याने तरतरी आली होती. त्या आपल्या मिरचीच्या दुःखावर घसरल्या.

"दरसाल बोकड्या येते माह्या मिरचीवर. पानं अशी मुरडून जातात. सारं फवारून पाह्यलं."

"कुठून फवारता?" मयुरीने विचारलं.

"कुठून म्हंजे? वरून."

"खालून मारा लागते, मावशी. कीड पानाच्या खाली राह्यते. नोझल उलटं धराचं. अन् निंबोळीचं पाणी, रोपं बोटभर हायेत तव्हापासूनच. मी वाफे करतो दरसाल, एक रोप वाया जाऊ देत नाई."

"उलटं?" अनुसयाबाई तिच्याकडे वळून बसल्या. "अन् मुंग्या? त्याईचं काय करतं?"

रंजिताने मशीन बंद केलं. चिमटा घेतला आणि जंपर पहिल्या जागी नेऊन बसवला. आता ते एकशेतेहतीसवर चालणार होतं, पंख्याशिवाय. तिने पुन्हा तारखा भरल्या. मशीनने त्याचा वेळ घेतला. बाकावर मुंग्या झाल्या, कांदे झाले, तळेगावच्या बाजारातला एक लबाड अडत्याही झाला. प्रफुल एकदा मोठ्याने हसला आणि मयुरीने खाली पाहिलं, तीही हसत होती.

आणि पडद्यावर आकडा आला. तेरा.

रंजिताने मॉनिटर जरासा स्वतःकडे वळवला. तिने पंखा फिरवला होता, तिने त्यांना बसवलं होतं. जे आपल्यावर आलं ते या पोरीवर आपल्याच हाताने आणलं, असं तिला वाटलं. आता हा कागद द्यायचा कसा?

"छपाई मी करतो," मागून भैय्याजी म्हणाले. कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नव्हतं. त्यांनी आकडा पाहिला होता. "सरक."

प्रिंटर करकरला. पहिलं पान अर्धं झालं आणि थांबला.

"रिबन अटकली," भैय्याजींनी बाकाकडे पाहून जाहीर केलं. "जुना हाय जी. बसा, आणखी एकेक चहा होऊ द्या."

रंजिता शेजारीच उभी होती. रिबन अडकली नव्हती. भैय्याजींनी अंगठ्याच्या नखाने ती तिच्या जागेवरून ओढून बाहेर काढली होती. ते तिच्याकडे न बघता, अगदी मन लावून, ती सोडवत बसले.

चार पानं हातात पडायला अर्धा तास गेला. भैय्याजींनी ती अनुसयाबाईंना दिली.

"तेरा," ते म्हणाले.

तानबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मयुरीने पुठ्ठा पिशवीत घातला आणि पिशवीचे बंद आवळले.

"छत्तीसमधून?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"हाव."

अनुसयाबाईंनी पहिलं पान पाहिलं, उलटलं, दुसरं पाहिलं. "याच्यात मिरचीचं काई लिवलं हाय काय?"

"नाई जी. हे ग्रहाचं हाय."

"मंग शांती कोणती करा लागते ते लिहून द्या. करून टाकू." त्यांनी चारी पानांची एकत्र घडी घातली आणि शेजारी मयुरीच्या कपाळावर घाम दिसला तसा तिला त्या कागदांनी वारा घालायला लागल्या. "चार पानाचा वारा चांगला लागते वं. इतका येळ तूच घालून राह्यली होती."

तानबाजींना टोपी पुन्हा डोक्यावर ठेवायचं बराच वेळ सुचलं नाही.

ते गेल्यावर दुकानात पंख्याचा तेवढा आवाज उरला. तो बाकाकडे तोंड करून रिकाम्या जागेला वारा घालत होता. भैय्याजी चिंधीला रॉकेल लावून बोटं पुसत बसले.

"बाबा, माह्या हातानं रिबन एकदाबी नाई अटकली," रंजिता म्हणाली.

"तुयाच हात चांगला हाय."

"दरवेळेस तुमीच काढत होते?"

"दरवेळेस नाई." त्यांनी चिंधीची घडी बदलली. "आकडा चांगला आला तं काऊन काढू? कमी आला का काढो. माणसं थोडी जास्त बसली तं काई बिघडत नाई. कधी जमे, कधी नाई जमे."

रंजिताने खिळ्याकडे पाहिलं. तीन कागद वाऱ्याने हलत होते.

"अन् माह्या येळेले?"

भैय्याजींनी बोटं पुसायची थांबवली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, जणू त्या दिवसाची शाई अजून तिथे असावी.

"तुया येळेले तं तीनदा काढली, बेटा," ते म्हणाले. "चौथ्यांदा काढतो तं तुटूनच गेली."

रंजिताने त्यांच्या हातातून चिंधी घेतली. स्टूल ओढून ती समोर बसली आणि त्यांचं एकेक बोट धरून पुसायला लागली. नखांत गेलेली शाई लवकर निघत नव्हती. तिला काही घाई नव्हती.