आबांना विचारणे

आमचा काजूचा कारखाना आजऱ्याला, ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत. मालक उदयसिंहराव, म्हणजे सगळ्यांचे आबा. त्यांच्या मुलाने, आदर्शसरांनी, एक सॉफ्टवेअर घेतलं आणि मला त्याच्यापुढं बसवलं. कारखान्यातलं प्रत्येक काम कसं होतं, ते पायरीपायरीने त्यात नोंदवायचं. मंजूर झालं की सर हिरवी टिकली देणार.

मी एकेकाला गाठत गेले. भट्टीवरचा गुंडू म्हणाला, "बी वाफवायची, गार करायची, मग आबास्नी इचारायचं." प्रतवारीच्या मीनाबाई म्हणाल्या, "अख्खा येगळा, तुकडा येगळा. मग आबास्नी इचारायचं." अंगण झाडणाऱ्या बनाबाईंचीसुद्धा शेवटची पायरी हीच. मला खोटी नोंद करता येत नाही, म्हणून सांगितलं तसं लिहिलं. सॉफ्टवेअरने सगळ्याचा मिळून नकाशा काढला, तर झाडून सगळे बाण एकाच चौकटीत घुसलेले. सरांनी तो बघितला आणि पाणी मागितलं.

त्याच महिन्यात आबांची बायपास झाली. फोन बंद, कारखाना बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

"ती चौकट काढून टाक," सर म्हणाले.

"काढते. पण तिथं घालू काय? आबा सांगतात तरी काय?"

चौकशी केली. आबा सगळ्यांना, सगळ्या बाबतीत, एकच सांगत आले होते: "मागच्या खेपंला केलतं तसंच करा की." तेवढं वाक्य मी सगळीकडे चिकटवलं. कारखाना सुरळीत चालला. मला त्या सुरळीतपणाचा संताप आला. ज्याने हयात घातली, त्याच्यावाचून निदान एखादं पोतं तरी अडायला हवं होतं.

काही दिवसांनी आबांच्या पत्नीचा, संयोगिताकाकींचा फोन आला. "शिवानी, कारखाना बंद पडलाय काय गं?"

"न्हाय काकी."

"मग ह्यांना कुणाचाच फोन कसा न्हाय? डॉक्टर आता बोला म्हणालेत. मोबाईल हातात घिऊन बसत्यात. सकाळी मला म्हणाले, एक रिंग दे, वाजतोय का बघू."

मी त्याच दिवशी नवीन प्रक्रिया घातली. नाव: आबांना विचारणे. वेळ: रोज दुपारी चार. जबाबदारी: शिवानी. मिळालेल्या उत्तराचा वापर: नाही. न केल्यास धोका: मोठा.

"वापर नाही, तर ठेवायची कशाला?" सरांनी विचारलं.

"धोका वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचलं आणि हिरवी टिकली दिली.

मी रोज फोन करू लागले. "आबा, तुकड्याची पोती कुठं ठेवायची?"

"मागच्या खेपंला ठेवलीती तिथंच ठेव की! एवढं बी कळत न्हाय?"

आवाज दिवसेंदिवस चढत गेला. जेवण वाढलंय, असं काकींनी कळवलं. पण काजूच्या कारखान्यात प्रश्न असून असून असणार किती? शेवटी एकदा मी विचारलं, "आबा, डब्याचं झाकण वरनंच लावायचं न्हवं?"

या वेळी आवाज चढला नाही.

"शिवानी."

"व्हय आबा."

"हे तू मुद्दाम इचारतीयास न्हवं?"

मला खोटी नोंद करता येत नाही. "व्हय," मी म्हटलं.

"वरनंच लाव," आबा म्हणाले. "आणि उद्या येळंवर फोन कर. आज उशीर झालाय."